कोठीची कळ

"गुरुजी, उंदराचं काळीज कोणी नेलं?"

पाचवीतली एक मुलगी माउस उलटा धरून माझ्यासमोर उभी होती. त्याच्या पोटाला गोल भोक होतं आणि आतली रबरी गोळी नाहीशी झाली होती. मी बाकीचे आठ माउस उलटे करून पाहिले. आठांचीही पोटं रिकामी. खिडकीतून मैदानाकडे नजर टाकली, तर चिंचेखाली सातवीची पोरं गोट्या खेळत होती. काचेची गोटी उसळत नाही, रबराची उसळते; त्या चोरीमागचं विज्ञान एवढंच होतं.

मी ओरडलो नाही. गोळ्या परत मागितल्या असत्या तर त्या विहिरीत गेल्या असत्या, हे तीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवलं होतं.

मागच्या बाकावरून टिकेश्वरी हसून म्हणाली, "उंदीर मेले त बरंच झालं, गुरुजी. माझ्या हाताले ते जमतच नव्हतं."

टिकेश्वरी पटले तेव्हा नववीत होती. चिचटोल्याहून रोज चालत यायची. घरी आई आणि ती, दोघीच. आई बिड्या वळायची आणि शाळेआधी व शाळेनंतर टिकेशही वळायची. तिला माउस जमत नव्हता हे खरं होतं. तो धरला की तिचा हात दगडासारखा व्हायचा. पण कीबोर्डवर तिची बोटं ठेवा आणि बघा. पान कापावं, तंबाखू भरावी, वळावं, दोरा गुंडाळावा, हे सगळं ती खाली न बघता करत आली होती. तिला मी एकदा विचारलं होतं, की टायपिंग करताना तू हाताकडे बघत का नाहीस?

"माय म्हणते, हाताकडे पाहिलं की बिडी ढिली होते. हाताले शिकवायचं, डोक्याले नाही."

मला हे इतकं आवडलं, की मी ते फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

ते नऊ संगणक आमच्या शाळेला तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या पतसंस्थेकडून मिळाले होते. नेहमीची विंडोज त्यांच्यावर सुरू होईपर्यंत आमची प्रार्थना आणि परिपाठ दोन्ही आटोपायचे. शेवटी हेमराज बिसेन आला. हा माझा जुना विद्यार्थी. नागपूरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. त्याने सगळ्या यंत्रांवर लिनक्सचा एक अगदी हलका अवतार घातला आणि मला म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडे माउस नाहीत ना? मग एक गंमत दाखवतो."

ती गंमत म्हणजे खिडक्या बसवण्याची एक वेगळी रीत होती. नेहमीच्या संगणकावर खिडक्या एकमेकींवर चढतात, खालची दिसेनाशी होते, मग मुलं ती शोधत बसतात. इथे तसं नव्हतं. पहिली खिडकी उघडली की सगळा पडदा तिचा. दुसरी आली की पहिली सरकून तिला अर्धी जागा देई. तिसरी आली की पुन्हा वाटणी. आमच्याकडे धानाच्या शेतात बांध्या असतात, एकीला लागून एक, मध्ये बांध. पडदा तसा दिसायचा. आणि सगळं कळांवर चालायचं.

"आणि हे बघा," हेमराज म्हणाला, "कोणत्या कळेनं काय व्हायचं, ते तुम्ही ठरवायचं. ही एक साधी फाईल. एका कळेला एक ओळ. ओळ बदला, की यंत्र तुमचं ऐकते."

तोवर मी दुसऱ्यांनी ठरवलेली पुस्तकं दुसऱ्यांनी ठरवलेल्या क्रमाने शिकवत आलो होतो. त्या मे महिन्यात डोक्याला ओला पंचा बांधून मी रोज शाळेत जाऊन बसलो. बायको म्हणायची, "सुटीत शिपाईही येत नाही शाळेत." मी ती फाईल लिहीत होतो. एक ओळ लिहायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं, काय झालं ते बघायचं. प्रत्येक ओळीच्या शेजारी मराठीत टीप लिहायची, म्हणजे उद्या मी नसलो तरी पुढच्या माणसाला कळावं. मुलांना शिकवताना कारण सांगावं, आज्ञा देऊ नये, अशी माझी पद्धत होती. फाईलमध्येही मी तीच ठेवली.

चालू खिडकीला मी धानाच्या रोपासारखी हिरवी कड दिली. पडद्याचे चार भाग केले, त्यांना नावं दिली. पहिली खोली वाचनाची, दुसरी लेखनाची, तिसरी गणिताची. चौथी कोठी. जुन्या कीबोर्डवर विंडोजच्या झेंड्याची कळ नव्हती, म्हणून सगळं ऑल्टवर टांगलं. ऑल्ट आणि एफ वन म्हणजे पहिली खोली, एफ टू म्हणजे दुसरी, तसं पुढे. चौथ्या कळेचं काम थोडं वेगळं होतं. धान झोडपून झालं की आपण कोठीत भरतो. तसं काम पुरं झालं की ऑल्ट आणि एफ फोर दाबायचं. पडद्यावर मधोमध एक प्रश्न यायचा, "कोठीत ठेवू का?" मग एंटर. एंटरवर मी "हो" अशी चिठ्ठी चिकटवली होती आणि डाव्या कोपऱ्यातल्या एस्केपवर "नको". हो म्हटलं की मुलाचं काम त्याच्या नावाने साठवलं जाई आणि पडद्यावर लिहून येई, "भरली."

जूनमध्ये मुलांनी आठवड्याभरात त्याचं गाणं करून टाकलं.

ऑल्ट धरा, चार मारा,
हो म्हणा, कोठी भरा!

मधल्या सुटीत मुली त्यावर टाळ्यांचा खेळ खेळत. संगणक कधीही न पाहिलेली पहिलीतली बाळंसुद्धा ते म्हणत. मी व्हरांड्यात उभा राहून ऐकत असे. शिक्षकाला आयुष्यात असं किती वेळा मिळतं?

दिवाळीला हेमराज गावी आला तेव्हा मी त्याला ते सगळं दाखवलं. तो एकेक कळ दाबत गेला आणि हसत सुटला. "गुरुजी, तुम्ही तर गाव वसवलं! बाहेरचा माणूस इथं आला त हरवून जाईल."

"हरवू दे. बाहेरच्यासाठी केलंच नाही."

"आणि गावातलं कोणी बाहेर गेलं म्हणजे?"

"रस्ता विचारेल," मी म्हणालो. तोही हसला. मग त्याने दोन-तीन बारीकसारीक गोष्टी सांगितल्या. मी त्या लिहून घेतल्या आणि आम्ही चिवडा खायला बसलो.

टिकेश दहावीत गेली होती. त्या वर्षी एका न्यासाची माहिती आमच्या शाळेत आली. दहावी झालेल्या मुलींसाठी नागपूरला दोन वर्षांचा संगणकाचा अभ्यासक्रम, राहणं-जेवण न्यासाचं, पुढे नोकरीसाठी शब्द टाकायचा तोही त्यांनीच. जिल्ह्यातून पाच मुली घेणार होते. परीक्षा संगणकावर, आधी दहा मिनिटं मराठी टायपिंग, मग साठ प्रश्न. मी टिकेशचं नाव भरलं.

चारच दिवसांनी तिची आई, पारबताबाई, शाळेत आली. बिड्यांचं सूप कडेवर घेऊनच आली होती. वर्गाच्या दारात थांबली, चपला बाहेर काढल्या, आणि मी बसा म्हटलं तरी उभीच राहिली.

"गुरुजी, ह्या पोरीले तुम्ही नागपूरले धाडून राहिले म्हणते."

"परीक्षा आहे आधी. निवड झाली तर."

"माझे डोळे गेले, जी. दोरा दिसत नाही. अंदाजानं बांधतो. सट्टेदार अर्ध्या बिड्या फेकून देते." सट्टेदार म्हणजे पानं-तंबाखू देणारा आणि वळलेल्या बिड्या नेणारा ठेकेदार. "तो म्हणते, बिडीचं कार्ड पोरीच्या नावानं करून घे, नाही त पान देणं बंद."

"आई, पण टिकेशची बोटं..."

"बोटं माझीच आहेत न ते," पारबताबाई म्हणाली. "मीच शिकवली."

टिकेश खिडकीपाशी पाठ करून उभी होती. तिने मान वळवली नाही, पण तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती श्वास धरून ऐकते आहे.

"एक बार जाऊ देईन," पारबताबाई शेवटी म्हणाली. "निवडली त जाय. मी भाकर मागून खाईन, पण अडवणार नाही. नाही निवडली त हे सूप तिच्या मांडीवर. मंग तुम्ही दुसरा बार सांगायले येऊ नका, गुरुजी. मले वचन द्या."

मी वचन दिलं. मला खात्रीच होती.

त्या हिवाळ्यात टिकेश शाळा सुटल्यावर तास-तासभर थांबायची. एक उतारा टाईप करायचा, ऑल्ट, चार, हो. दुसरा उतारा, ऑल्ट, चार, हो. मी घड्याळ लावून बसायचो. जानेवारीपर्यंत तिचा वेग माझ्या दुप्पट झाला. डोळे पुस्तकावर, बोटं आपली आपण चाललेली. प्रश्न पडद्यावर येण्याच्या आधीच तिचं "हो" झालेलं असायचं. मी म्हणायचो, "अगं, विचारू तरी दे त्याला!" ती हसायची. "रोज तेच विचारते, जी. त्याले काय नवीन येते?"

फेब्रुवारीत एकदा तिने भीत-भीत विचारलं, "गुरुजी, तालुक्याच्या सेंटरवर दोन दिवस बसून पाहू का? येळ्यांची नंदा जाते तिथं. तीपण परीक्षेले आहे. म्हणते, तिथले कंपूटर येगळे आहेत."

"वेगळे म्हणजे काय? अक्षरं तीच, कळा त्याच."

"नंदा म्हणते, सगळं उंदरानं करा लागते."

"मग तर नकोच. तिथे जाऊन उंदीर धरशील आणि आहे तो वेग घालवशील. ज्याला कळा येतात ना टिकेश, त्याला कोणतंही यंत्र परकं नाही."

ती "हो जी" म्हणाली. मी सांगितलेलं तिने कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात होती. जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. पारबताबाईने डब्यात पोहे बांधून दिले होते आणि टिकेशच्या वेणीला नवी लाल रिबीन. बसमध्ये टिकेश मांडीवर बोटं वाजवत होती.

"काय टाईप करतेस?"

"पाट्या. रस्त्यावर दिसते ते."

"मग कोठीत भर."

तिने हसून डाव्या हाताचा अंगठा आणि बोट मांडीवर दाबलं, उजव्या करंगळीने "हो" म्हटलं.

परीक्षेच्या खोलीला काचेचं दार होतं. पालकांना बाहेर बाकावर बसवलं होतं. मला टिकेशची पाठ दिसत होती आणि लाल रिबीन. चाळीस नवेकोरे काळे संगणक, प्रत्येकाला माउस. घंटा झाली. बाकीच्या मुलींची डोकी कीबोर्ड आणि पडदा यांच्यामध्ये खालीवर होऊ लागली. टिकेशचं डोकं हललं नाही. शेजारच्या बाकावर नंदाचे वडील होते, ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोरीचा हात पाहा. पाणी जसं वाहते."

"तिला तिच्या आईने शिकवलंय," मी म्हणालो. नम्र दिसायला म्हणालो. आतून मला ते माझं आहे असंच वाटत होतं.

आठेक मिनिटं झाली असतील. टिकेशचे दोन्ही हात कीबोर्डवरून उठले आणि मांडीवर आले. ती तशीच बसून राहिली. मग तिने उजवा हात वर केला. देखरेख करणारी तरुण बाई तिच्याजवळ गेली, वाकून पडद्याकडे पाहिलं, काहीतरी बोलली.

"झालं वाटतं आमचं टायपिंग," मी नंदाच्या वडिलांना म्हणालो. "वेळेच्या आधी."

टिकेश उठली. दाराकडे आली. बाकीच्या एकोणचाळीस मुली टाईप करत होत्या.

ती बाई तिच्या मागोमाग बाहेर आली. "तुम्ही सोबत आहात का? सर, हिने पेपर सबमिट केला."

"असं कसं? साठ प्रश्न राहिलेत."

"तेच मी म्हणतेय. टायपिंग झालं आणि हिने सगळी परीक्षाच बंद केली."

"चुकून झालं असेल. परत उघडून द्या ना. वेळ शिल्लक आहे."

"माझ्या हातात नाही, सर. एकदा बंद झालं की ते नागपूरहून लॉक होतं." ती बाई वाईट नव्हती. तिने दोनदा फोन लावला, आमच्यासमोरच लावला. पलीकडून जे सांगितलं ते ऐकत ती मान हलवत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "ते म्हणतात, यंत्राने तिला विचारलं होतं. मोठ्या अक्षरात येतं, परीक्षा संपवायची आहे का म्हणून. हिने हो म्हटलं. नोंद आहे तशी."

मी टिकेशकडे वळलो. "काय दाबलंस, बाळा?"

तिने हात हवेत धरले. डावा अंगठा खाली, डावं बोट वर. मग उजवी करंगळी.

ऑल्ट, चार, हो.

काचेपलीकडे चाळीस पडद्यांपैकी एकच निळा झाला होता.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेवटची जागा मिळाली. टिकेश खिडकीशी बसली. पोह्यांचा डबा तिच्या मांडीवर तसाच होता. नवेगावचा फाटा गेल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, मले वाटलं, कोठीचाच प्रश्न आहे."

"हं."

"इंग्रजीत होता. मी वाचलाच नाही. वाचला असता त कळला असता. तेवढी इंग्रजी येते मले."

बस खड्ड्यातून गेली. तिने डबा धरून ठेवला.

"तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगता, आधी प्रश्न वाचावा. तुम्ही सांगितलं होतं, जी. माझीच चूक आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. माझ्या वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलाला मी नेहमी काहीतरी म्हणत असे. पाठीवर हात ठेवून, समजावून. तिला त्याची सवय होती.

"हो," मी म्हणालो. "वाचायला पाहिजे होता."

तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मांडीवरची बोटं या वेळी हलत नव्हती.

पारबताबाई अंगणात बसली होती. आमच्या पावलांवरूनच तिला कळलं असावं. तिने हातातलं पान खाली ठेवलं.

"काय झालं?"

"मी प्रश्न न वाचता हो म्हटलं, माय. सगळं बंद झालं."

"काहून म्हटलं?"

"हातानं म्हटलं. मले कळायच्या आधी."

पारबताबाईने पावलांच्या अंदाजाने माझ्या दिशेला तोंड केलं. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

"हात चुकत नाही, गुरुजी. हाताले जे शिकवलं तेच हात करते. माझी पोरगी चुकून असं करणार नाही. हे तिच्या हाताले शिकवलं कोणं?"

टिकेश म्हणाली, "माय, गुरुजीले काही बोलू नको. ते दिवसभर उपाशी आहेत माझ्यासाठी."

मी म्हणालो, की बसची वेळ झाली आहे. बसला अजून पाऊण तास होता. मागे वळून पाहिलं नाही. पण फाटकाबाहेर पडताना सुपात पानं ओतल्याचा तो कोरडा आवाज मी ऐकला. एका सुपातून दुसऱ्यात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी शाळेत गेलो, संगणकांची खोली उघडली, पहिलं यंत्र सुरू केलं. हिरवी कड आली. मी ती फाईल उघडली. मला ती ओळ बदलायची होती. कोठीला दुसरी कुठलीही कळ चालली असती; एफ नाइन, एफ टेन, काहीही. पंधरा अक्षरांचं काम.

खाली खाली जात चौथ्या खोलीच्या ओळीपाशी आलो. तिच्या शेजारी माझी टीप होती. मराठीत, तारखेसकट. दिवाळीची तारीख.

"हेमराज म्हणतो: बाकी सगळ्या संगणकांवर हीच जोडी चालू काम बंद करते. कोठीची कळ बदलावी. तोपर्यंत मुलांना बजावून सांगणे."

लिहून घेतलं होतं मी. चिवडा खाण्याआधी. मुलांना ते गाणं इतकं पाठ झालं होतं, चारवर टाळी इतकी नेमकी पडायची, की मला ते मोडवलं नाही. नऊ म्हटलं असतं तर ताल तुटला असता. आणि सांगायचं राहून गेलं असं म्हणायलाही जागा नव्हती. फेब्रुवारीत तिने तोंड उघडून विचारलं होतं.

फाईल घेऊन चिचटोल्याला जावं, टिकेशला ती ओळ दाखवावी, असं मनात आलं. ती मराठीतच होती. पारबताबाईला वाचूनही दाखवता आली असती. त्याने परीक्षा परत मिळाली नसती. पण चूक कुणाची, हे त्या घरात कळलं असतं.

मी कळ बदलली. एफ नाइन केली. मग ती टीप निवडली आणि पुसली. आठही यंत्रांवर जाऊन पुसली. नववं त्या दिवशी सुरूच झालं नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांना सांगितलं, कोठीची कळ बदलली आहे. "काहून, जी?" सगळ्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं नाही. मुलं काही दिवस चुकली, मग शिकली. टाळ्यांचं गाणं मात्र त्यांनी तसंच ठेवलं. दोन वर्षांत यंत्रं एकामागून एक गेली, मी निवृत्त झालो, खोलीत मध्यान्ह भोजनाची पोती ठेवू लागले. पहिलीतल्या मुली अजून "चार मारा"वर टाळी द्यायच्या. त्यांना ते कशाचं गाणं आहे हे माहीत नव्हतं.

मागच्या माघात चिचटोल्याला एका लग्नाला गेलो होतो. तेरा वर्षं झाली होती. मुद्दाम वाकडी वाट धरली, तरी गाव ते केवढं. टिकेशनेच हाक मारली.

"गुरुजी! असे कसे पुढं चालले? या न, जी."

ती त्याच अंगणात बसली होती. पारबताबाई तीन वर्षांपूर्वी गेली असं तिने सांगितलं. नवरा घरजावई होता, लग्नाच्या मांडवाला वाढायला गेला होता. टिकेशच्या मांडीवर सूप होतं. माझ्याशी बोलताना तिचे डोळे माझ्याकडेच होते आणि बोटं खाली आपली आपण चालली होती. तिने एकदाही हाताकडे पाहिलं नाही.

सहा-सात वर्षांची एक मुलगी पाटी-पुस्तक घेऊन ओसरीवर बसली होती.

"काव्या, गुरुजीच्या पाया पड. ह्यांनी मले कंपूटर शिकवला."

मुलीने पाया पडून घेतलं आणि लगेच म्हणाली, "माय, हे गणित झालं."

"उत्तर किती?"

"बारा."

"विचारलं काय होतं?"

मुलीने पुस्तकात डोकं घातलं.

"पाहा गुरुजी. प्रश्न न वाचता उत्तर लिहिते." टिकेशचा आवाज चढला, पण बोटं थांबली नाहीत. "हजार बार सांगितलं, न वाचता हो म्हणशील त तुझ्या मायसारखं होईल. माझं काय झालं होतं? सांग."

"तुले सगळं येत होतं," मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली, "पण तू प्रश्न वाचला नाही."

"मंग?"

"मंग सूप."

टिकेश माझ्याकडे बघून हसली. तिच्या हसण्यात माझ्याविषयी कसलाही राग नव्हता, आदरच होता. "माझं ऐकत नाही, जी. तुम्ही सांगा न तिले. तुमचं ऐकेल."

मुलगी पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. तिने ते माझ्या गुडघ्यावर उघडलं आणि वर पाहिलं. वाट पाहत राहिली.

मी तिचं बोट धरून प्रश्नाच्या पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

"आई बरोबर सांगते, बाळा," मी म्हणालो. "आधी प्रश्न वाचावा."